एकशे चौदा नावांची भिंत

ओळंब्याने आयुष्यात पहिल्यांदा चार कोपरे काटकोनात जुळवले ते चित्रासाठी नव्हे. माणसं पुरायच्या पेट्या करायचा तो. डोंगराकडचे आणि नदीकडचे यांच्यातली लढाई सात वर्षं चालली आणि त्या सात वर्षांत त्याच्या हाताला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. सकाळी फळ्या कापायच्या, दुपारी खिळे ठोकायचे, संध्याकाळी गाडीत चढवून द्यायच्या. पुढे पुढे मापं घेणंही त्याने सोडून दिलं. लहान, मधली आणि मोठी अशा तीन आकारांत पेट्या तयारच असायच्या. लहान आकार संपला, की त्या दिवशी तो घरी कुणाशी बोलत नसे.

माप त्याने परत घेतलं ते एकदाच. धाकट्या भावाला गिरणीच्या फाटकापाशी डोंगराकडच्यांनी गोळ्या घातल्या, तेव्हा. भाऊ लंबूटांग होता, मोठ्या आकारातही मावेना. गुडघे मोडून बसवू, असं बरोबरचे लोक म्हणाले. ओळंबा पटाशी घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेला आणि मग रात्रभरात एकट्याने चार बोटं जास्त लांब पेटी केली.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गवंडी दोरीला शिशाचा गोळा बांधून भिंत सरळ आहे का बघतात, तो ओळंबा. हा सुतार असूनही तो गोळा कायम खिशात बाळगायचा. दाराची कड, कपाटाचं पाऊल, शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब, जे दिसेल त्याला दोरी लावून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. बायको म्हणायची, "अहो, जग सगळं सरळ करून झालं असेल तर जरा स्वतःच्या जिभेलाही ती दोरी लावा." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. माणूस तिरसट होता, आणि हात उचलायला वेळ लावत नसे.

लढाई संपली त्या वर्षी त्याच्या दुकानात एक बाई आली. मूर्तिकार होती. उजवा हात कोपरापासून खाली नुसता लोंबकळत होता. तिने दुकानभर नजर फिरवली, एका तयार पेटीवर डाव्या हाताने थाप मारली आणि म्हणाली, "याचा तळ काढून टाकला तर काय उरतं?"

"चौकट," ओळंबा म्हणाला.

"मला शंभर हव्यात. आणि त्या टांगायला माणूस हवा."

त्या हाताची हकिगत सगळ्या शहराला ठाऊक होती. लढाईच्या आधी देशात चित्रकार-मूर्तिकारांचा एक संघ होता. दरवर्षी तो सभासदांची एक पुस्तिका काढायचा. कडक पुठ्ठा, आत नाव, गाव, पत्ता. हौसेने छापायचे, दिवाणखान्यात ठेवायचे. लढाईच्या पहिल्याच आठवड्यात नदीकडच्या बंदूकवाल्यांच्या हाती ती पुस्तिका लागली. गावावरून कळतं, कोण डोंगराकडचा आणि कोण नदीकडचा. त्यांनी पान उलटत उलटत घरं गाठली. पुढच्या महिन्यात शहर डोंगराकडच्यांनी घेतलं, तेव्हा तीच पुस्तिका त्यांना टेबलावर पडलेली मिळाली, खुणांसकट. मग त्यांनी उरलेली नावं गाठली. एकोणिसाव्या पानावर बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव एकाखाली एक होतं. नवऱ्याला दारातच संपवलं. बाईला मारलं नाही. तिच्याच हातोड्याने तिचा हात ऐरणीवर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंत ठेचला, आणि जाताना एकाने विचारलं म्हणे, आता काय घडवशील?

तिने राष्ट्रीय कला मंडळ घडवलं. सरकारला लढाईनंतर जगाला दाखवायला काहीतरी राष्ट्रीय हवंच होतं. त्यांनी तंबाखूचं एक जुनं दगडी गोदाम दिलं, पाटी दिली आणि उद्घाटनाला मंत्री पाठवला. मंडळाची घटना एका पानात मावत होती आणि ती बाईने उभ्या उभ्या वाचली. देशातला कुणीही माणूस आपलं काम पाठवू शकेल. ते कुणाचं आहे हे बघणाऱ्याला कळणार नाही; नाव-पत्ता पाकिटात, पाकीट चित्राच्या पाठीशी आणि त्यावर फळी ठोकलेली. प्रदर्शन संपल्यावर ती फळी उघडायची, ती फक्त चित्र घरी परत पाठवण्यासाठी. आणि शेवटचं, मंडळ कसलीही यादी ठेवणार नाही. कधीही नाही.

"हे सगळं ठीक आहे," मंत्री हसत म्हणाला, "पण मंडळाचा उद्देश काय लिहू?"

"ज्यांनी तुमचा भाऊ मारला त्यांच्या गावचं चित्र तुमच्या समोर टांगलेलं असेल, आणि ते तुम्हाला आवडेल. एवढाच उद्देश आहे," बाई म्हणाली.

मंत्र्याचा भाऊ मेला होता की नाही कोण जाणे. मागे हातोडी घेऊन उभ्या असलेल्या ओळंब्याचा मात्र मेला होता. त्याला बाईचा राग आला. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नाही असं ठरवून तो झोपला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

गोदामाच्या दगडात खिळा शिरेना, म्हणून त्याने आतून सगळ्या भिंतींना फळ्या मारल्या. त्यावर दरवर्षी पांढरा रंग. चित्रं यायची ती कापडात, पोत्यात, गादीच्या खोळीत गुंडाळून. पाकीट पाठीशी लावून फळी ठोकायचं काम त्याचं एकट्याचं. म्हणजे नावं बघणारा सबंध मंडळात तो एकच माणूस. पहिल्या वर्षी डोंगराकडच्या गावाचं नाव दिसलं की तो खिळा गरजेपेक्षा जोरात हाणायचा. लाकूड तडकायचं. मग शिव्या देत नवी फळी कापायची. हळूहळू हात नरमला. प्रेम वगैरे उतू गेलं नव्हतं, पण फळ्या वाया जातात हे त्याला सहन होईना.

सुरुवातीची वर्षं शांततेची होती असं कुणी सांगेल तर ऐकू नका. पहिल्याच प्रदर्शनात एका माणसाने चित्रातला घाट ओळखला. तिथेच त्याचा मुलगा मेला होता. त्याने खिशातून चाकू काढून कापड वरपासून खालपर्यंत फाडलं. ओळंब्याने त्याला हातोडीच्या दांड्याने हाणला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पोलीस आले, माणसाला नेलं, आणि ओळंबा जमिनीवर मांडी ठोकून ते कापड मागून पट्टी लावून शिवत बसला. बाई शेजारी येऊन उभी राहिली. "माणसाला मारायचं आणि चित्राला शिवायचं, असं नसतं रे आपलं काम," ती म्हणाली. त्याने पुढचा टाका घातला.

चौथ्या वर्षी चूक झाली. भिंतींना ओल आली म्हणून सगळी चित्रं उतरवली, पाठीच्या फळ्या काढून वाळत घातली. परत ठोकताना दोन पाकिटं इकडची तिकडे गेली. प्रदर्शन संपल्यावर एका बाईच्या घरी भलतंच चित्र पोहोचलं. तिच्या मुलाने चित्र पाठवलं होतं आणि मधल्या काळात तो तापाने गेला होता. हाती आल्या कुणाच्या तरी होड्या. ती होड्यांचं चित्र उराशी धरून दोन दिवसांचा प्रवास करून आली आणि मंडळाच्या पायरीवर बसून राहिली. बोलली नाही, भांडली नाही. ओळंब्याला वाटलं, हिने आपल्याला चार जोडे हाणले असते तर बरं झालं असतं. कुठे काय पाठवलं याची नोंदच नव्हती, त्यामुळे मुलाचं चित्र शोधायला अकरा महिने लागले.

त्यानंतर त्याने कुणाला न सांगता एक सवय लावून घेतली. चित्र टांगायच्या आधी, खिळ्याच्या खाली, भिंतीच्या फळीवर तो शिसपेन्सिलीने नाव आणि गाव लिहायचा. चित्र टांगलं की झाकून जायचं. प्रदर्शन उतरलं की वरून पांढरा रंग. त्याच्या लेखी ती यादी नव्हतीच. कागदावर असते ती यादी. ही कामाची खूण, सुतार फळीवर करतो तशी. वीस वर्षं त्याने ती खूण केली आणि वीस वर्षांत एकही चित्र चुकीच्या घरी गेलं नाही. मनातून त्याला याचा अभिमान होता. सांगता येत नव्हता एवढंच.

मग पंचविसाव्या वर्षी नदीकडच्यांच्या टोळ्या परत आल्या. या वेळी गणवेश नव्हते, नुसत्या गळ्यात हिरव्या पट्ट्या. निवडणूक, मोर्चे, दुकानांच्या फुटलेल्या काचा, आणि एक दिवस भर दुपारी मंडळाच्या दारात टेम्पो उभा राहिला. नऊ जण उतरले. हातात सळया, एकाकडे पेट्रोलचा डबा. पुढारी काळ्या गॉगलचा, आवाज एकदम मऊ. आत आल्यावर त्याने आधी पायपुसण्याला पाय पुसले.

"डोंगराकडच्या चित्रकारांची यादी हवी," तो म्हणाला.

"यादी नाही," बाई म्हणाली. सत्तरीच्या घरात होती ती तेव्हा.

"राष्ट्रीय संस्था आणि यादी नाही?"

"नाही. म्हणूनच राष्ट्रीय आहे."

त्याने मान हलवली आणि शेजारच्याने बाईच्या तोंडावर सळई मारली. दात फरशीवर पडल्याचा आवाज ओळंब्याने ऐकला. तो झेपावला, तर दोघांनी त्याला पाडून पोटात, बरगड्यांत, जिथे मिळेल तिथे लाथा घातल्या. बाकीच्यांनी कपाटं फोडली. खणांतून खिळे निघाले, दोऱ्या निघाल्या, डिंकाच्या बाटल्या निघाल्या. कागद म्हणून काय, तर ते एका पानाचं घटनेचं चिटोरं. गॉगलवाल्याने त्याची शेवटची ओळ तेवढी वाचली, हसला आणि ते खिशात घातलं.

"बरं. मग चित्रंच जाळू," तो म्हणाला.

फरशीवर पडल्या पडल्या ओळंब्याच्या मनात काय आलं असेल? त्याला हायसं वाटलं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. जाळा, तो मनात म्हणाला. चित्रं गेली तर माणसं दुसरी काढतील. पाकिटंही जळतील. बाईचा नियम पुरा पडला, असं म्हणून त्याने डोळे मिटले.

पण त्यातल्या एका आडदांडाला जाळण्याआधी मस्ती सुचली. दारालगतचं पहिलं चित्र त्याने ओरबाडून खाली ओढलं आणि गुडघ्यावर मोडलं. चित्राखालची पांढरी फळी उघडी पडली. तिच्यावर, खिळ्याखाली, शाळेत गिरवल्यासारख्या वळणदार अक्षरांत एक नाव होतं आणि एक गाव.

गॉगलवाला जवळ गेला. गॉगल कपाळावर सरकवून त्याने ते मोठ्याने वाचलं. ते नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं गेलं तेवढं पुरे झालं. डोंगराकडच्या एका शाळेतला चित्रकला मास्तर होता तो, एवढंच सांगतो.

"वा!" गॉगलवाला म्हणाला. "यादी नाही म्हणे! अरे, भिंतीवरच आहे की! जाळू नका रे. एकेक करून उतरवा."

ओळंब्याच्या पायाखालची जमीन सरकली. पडलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन कशी सरकेल म्हणाल, पण सरकली. एकशे चौदा चित्रं होती. एकशे चौदा खिळे, एकशे चौदा नावं, सगळी त्याच्या हाताची, आणि अक्षर असं की आंधळ्यानेही वाचावं. तिकडे बाई रक्ताळलेल्या तोंडाने भिंतीकडे पाहत होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. लाथांपेक्षा ते जास्त लागलं.

आडदांड दुसऱ्या चित्राकडे वळला. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. ओळंबा ढोपरांवर सरकत कामाच्या खोलीत गेला. तिथे टर्पेंटाइनचं पिंप होतं, व्हार्निशचे डबे होते. त्याने पिंपाचं बूच काढून ते दारातून सभागृहात लोटलं. घरंगळत, भळभळ सांडत ते भिंतीच्या कडेने गेलं. मग डबे उचलून त्याने अंदाधुंद भिंतींवर भिरकावले. एक सळई त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी बसायच्या आत त्याने काडी ओढली. हात कोपरापर्यंत टर्पेंटाइनने भिजलेले होते, त्यामुळे आधी पेटले ते त्याचेच हात. त्या पेटलेल्या हातांनी त्याने भिंत धरली.

पंचवीस वर्षं वाळलेल्या फळ्या, तेलरंग, कापड. आग जिन्यावरून पोरं धावावीत तशी धावली. टोळीवाले शिव्या देत बाहेर पळाले. आडदांडाच्या हातातून दुसरं चित्र पडलं आणि त्याखालचं नाव कुणी वाचायच्या आत काळं झालं. ओळंब्याने बाईला काखेत हात घालून मागच्या दाराने ओढत बाहेर काढलं. रस्त्यावर त्याचे हात विझवायला कुणीतरी ओलं पोतं टाकलं. त्याला फक्त एवढं आठवतं, की त्याने मान वळवून छप्पर कोसळताना बघितलं आणि मोजलं, एक. एकच नाव वाचलं त्यांनी.

मास्तरला तिसऱ्या दिवशी गाठलं. भर वर्गात शिरले, त्याला फळ्यासमोर उभं केलं आणि मुलांना डोळे मिटू दिले नाहीत. ही बातमी बाईनेच इस्पितळात येऊन सांगितली. तिचा जबडा बांधलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते, पण तिने एकही शब्द गाळला नाही.

"बाई, मी यादी म्हणून नव्हती लिहिली," ओळंबा रडत म्हणाला. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांत होते, डोळे पुसायची सोय नव्हती. "चुकू नये म्हणून लिहिली. त्या होड्यांच्या वेळी..."

"ती पुस्तिकाही कुणी मारायला छापली नव्हती," बाई म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिली असती, असं म्हणून तुझी समजूत काढणार नाही. मी लिहिली नसती." मग तिने त्याच्याच चादरीच्या टोकाने, डाव्या हाताने, त्याचे डोळे पुसले. "आता हे बाहेर बोलायचं नाही. आपल्या भिंतीवर नावं होती असं कळलं, तर या देशात परत कुणी आपल्याकडे चित्र पाठवणार नाही."

तो बोलला नाही. तीन वर्षं टोळ्यांचं राज्य होतं, ते गेलं, आणि या सगळ्या काळात लोकांना ठाऊक होतं ते एवढंच, की राष्ट्रीय मंडळ त्याच्याच सुताराने पेटवून दिलं. ओळंबा नाव मागे पडलं, काडीवाला हे नाव चिकटलं. एक म्हातारा चित्रकार, ज्याचं नाव त्या भिंतीवर होतं आणि त्या आगीमुळेच जो जिवंत होता, भररस्त्यात ओळंब्याच्या तोंडावर थुंकला. बायको थुंकणाऱ्याच्या अंगावर धावली. "अहो, सांगत का नाही याला?" ती ओरडली. ओळंब्याने बाहीने तोंड पुसलं आणि तिला घरी घेऊन गेला. त्याच्या बोटांची कातडी आखडून बोटं एकमेकांना जोडल्यासारखी झाली होती. बटणं तिलाच लावावी लागत.

मंडळ परत उभं राहिलं. तेच गोदाम, नवं छप्पर, नव्या फळ्या. बाईने त्यालाच बोलावलं. लोकांनी बोंब मारली, तर ती म्हणाली, "टांगणारा दुसरा मिळाला की कळवा," आणि दार लावून घेतलं. चित्रं पूर्वीपेक्षा कमी आली, पण आली. पेन्सिल म्हणून ओळंब्याने घरातही ठेवली नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी एक मध्यम वयाची बाई आली. हातात चादरीत गुंडाळलेलं चित्र. मास्तरची बायको होती. गॉगलवाल्यावर खटला चालला होता, आणि तिथे पिंजऱ्यात त्याने सांगितलं होतं, की नाव भिंतीवर लिहिलेलं होतं. कोर्टाने ते खोटं धरलं. तिने धरलं नव्हतं.

"हे त्यांचं शेवटचं. अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "घेता?"

"कुणाचंही घेतो," ओळंबा म्हणाला. पाठीशी लावायला पाकीट त्याने तिच्यापुढे धरलं.

"नाव पुढे लावा. मागे नको. आता त्यांना कुणाची भीती?"

दारालगतचा पहिला खिळा रिकामा होता. तो मुद्दाम रिकामा ठेवला होता, हे त्याने तिला सांगितलं नाही. आखडलेल्या हातांनी त्याने चित्र चढवायला घेतलं. कोवळ्या झाडांची रांग होती, उजवी बाजू कोरीच. तिने ते खालून उचलून धरलं. चित्र खिळ्यावर बसलं, तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भिंतीवर नाव खरंच होतं का हो?"

मूर्तिकार बाई पलीकडे उभी होती. तिने मान किंचित हलवली. नको, असं. ओळंब्याने ती पाहिली.

"होतं," तो म्हणाला. "मी लिहिलं होतं. या हातांनी."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. एक, दुसरी, मग मुठींनी छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. तिचा श्वास फुलला, केस सुटले, तोंडातून शब्द नव्हे, नुसता आवाज निघत होता. या माणसाने आयुष्यात मार खाऊन कधी हात खाली ठेवले नव्हते. त्या दिवशी ठेवले. ओठ फुटला तरी हलला नाही. बाई मध्ये पडायला निघाली, तर त्याने तिला मानेनेच थांबवलं.

हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली. पदराने तोंड पुसलं. चित्राकडे बघत राहिली, आणि मग धापा टाकत म्हणाली, "डावीकडून उतरलंय. ते रांग कधी वाकडी काढत नसत."

ओळंब्याने खिशातून शिशाचा गोळा काढला. बोटांत दोरी धरवेना, दोनदा सुटली. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि चित्राच्या कडेला वर धरली. गोळा हलायचा थांबेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली. मग त्याने चित्र डावीकडून जरासं वर केलं.